दवाखान्याचा उंबरा

दोन हजार चोवीस साल. माझं वय त्र्याहत्तर, म्हणजे शाळेच्या दाखल्यावर. खरं वय आईला ठाऊक होतं आणि तिला आकडे येत नव्हते, म्हणून मास्तरनं माझ्या तोंडाकडं बघून तारीख टाकली. चौथीत शाळा सुटली, अक्षर मात्र सुटलं न्हाई. नातवंडं बाहेरगावी असतात, सुट्टीला आली तेव्हा म्हणाली, तुम्ही बोला, आम्ही मोबाईलमध्ये भरतो. मी म्हणलं, भिंत ज्यानं उभारली त्यानंच गिलावा करावा. म्हणून हे मी माझ्या हातानं लिहून राह्यलो.

उभी हयात गवंडीकाम केलं. घनसावंगीत आणि आसपासच्या गावांत माझ्या हातच्या भिंती हायत, एकही कललेली न्हाई. ही बढाई वाटली तर वाटू द्या. खरी बढाई सांगायला लाजू नये.

माझ्या धाकट्या भावाची पोरगी डॉक्टर झाली. आमच्या भावकीत पहिली. भाऊ लवकर गेला, तेव्हापासून ती आमच्याच घरात वाढली. मला मोठे बाबा म्हणते, आणि मी तिला माय म्हणतो, आमच्याकडं पोरीला असंच म्हणतात. संभाजीनगरला शिकली, बायांची डॉक्टर झाली आणि परत येऊन तिनं आमच्या खेड्यापासून जीपनं थोड्या अंतरावरच्या घनसावंगीत दहा खाटांचा दवाखाना काढला. बांधला मी. माझे गुडघे तेव्हाच गेल्ते, पण वीट दुसऱ्यानं लावलेली मला बघवत न्हाई.

दवाखाना चांगला चालला, पण एक गोम होती. कारखान्यातले कामगार, शाळेतले मास्तर, बँकेतले लोक, या सगळ्यांकडं आजकाल विम्याचं कार्ड असतं. बायको बाळंतपणाला आणली की ते कार्ड पुढं करायचं, खर्चा कंपनी परस्पर भरते. त्याला कॅशलेस म्हणतात. पण दवाखाना त्या कंपनीच्या पॅनलवर, म्हणजे तिनं पारखून घेतलेल्या दवाखान्यांच्या यादीत, पाहिजे. आमचा नव्हता. मंग ते लोक पुतणीच्या दारावरून जीप करून तसेच पुढं जालन्याला जायचे. अवघडलेल्या बाया, खड्ड्यांचा रस्ता, आणि दवाखाना मागं राहून गेलेला.

एक दिवस जेवताना पुतणी म्हणाली, पॅनल मिळालं न्हाई तर मला हे बंद करावं लागंल, मी संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात नोकरी धरीन. रडून न्हाई, भाजीला मीठ कमी पडलंय म्हणावं तसं म्हणाली. आमच्या बाईची, म्हणजे माझ्या बायकोची, भाकर तव्यावर तशीच राह्यली. मी जेवत राह्यलो, कारण दाखवायचा माझा स्वभाव न्हाई. ही पोरगी गेली तर आम्हा दोघांना सकाळी हाक मारणारं घरात कुणी उरत न्हाई.

तिनं कंपनीला अर्ज कधीचाच केल्ता. उत्तर न्हाई. फोन केला की म्हणायचे, बघून राह्यलोत. लोक तिला सल्ले द्यायचे. कुणाची तरी ओळख लावा, अमक्याला भेटा, तमक्याला जेवायला बोलवा. तिनं तसलं काही केलं न्हाई. या विमा कंपन्यांना लगाम घालणारं एक सरकारी ऑफिस हैदराबादला हाय म्हणे. त्यांचा नियम असा, की कंपनीनं दवाखाना कसा पारखायचा ते आधी ठरवून सगळ्यांसमोर मांडायचं, आणि घ्यायचा नसंल तर कारण सांगायचं. नुसतं टांगून ठेवायचं न्हाई. पुतणीनं त्या नियमाचा हवाला देऊन कंपनीला लिहिलं, आणि एक प्रत हैदराबादला धाडली.

मला हसू आलं. माझा बाप सांगायचा, त्याच्या जवानीत सगळे हुकूम हैदराबादहून निघायचे. निजाम गेला, बाप गेला, आणि आमच्या पोरीचं काम परत हैदराबादलाच जाऊन अडकलं. पण या खेपेला तिकडून हुकूम आमच्या बाजूनं आला. कंपनीनं कळवलं, अमुक दिवशी आमचा माणूस दवाखाना बघायला येईल.

आता उंबऱ्याचं सांगतो, न्हाई तर पुढचं कळायचं न्हाई.

इंजिनीअरनं काढलेल्या नकाशात दवाखान्याच्या मोठ्या दाराला उंबरा नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, दवाखान्याला लागत न्हाई. मी म्हणलं, दार म्हणलं की उंबरा आला. उंबऱ्यावाचून पाणी आत येतं, विंचू आत येतो, आणि चौकटीला पाय राहत न्हाईत. तो पोरगा हसला. पुतणी पण म्हणाली, मोठे बाबा, नको. मी बरं म्हणलं. मंग ती मशीनी बघायला संभाजीनगरला गेल्ती, तेव्हा मी काळ्या दगडाचा, कडा घासून घडवलेला उंबरा बसवून टाकला.

त्याला कारण होतं. धम्मदीक्षा घ्यायच्या आधी माझा बाप गावाची पडेल ती कामं करायचा. गावातला एकूण एक उंबरा त्याला ठाऊक होता, पण बाहेरून. कुणाचा दगडाचा, कुणाचा सागवानी, कुणाला पितळी पट्टी, सगळं सांगायचा. आत काय होतं ते विचारलं की गप बसायचा. पुढं मी गवंडी झालो आणि त्याच घरांचे नवे उंबरे माझ्या हातांनी बसवले. मंग आमच्याच पोरीच्या दाराला उंबरा नसावा, हे मला पटण्यासारखं नव्हतं.

पुतणी परत आली, दारात उभी राहून दगडाकडं बघत राह्यली. तिला कारण ठाऊक होतं म्हणून तिनं दगड काढायला लावला न्हाई. सुताराकडून एक उतरती फळी करून आणली आणि उंबऱ्याला टेकवून ठेवली. स्ट्रेचर त्या फळीवरून आत जायचं.

तपासणीच्या दिवशी आम्ही सकाळपासून दवाखान्यात. आमच्याकडं बघायला येणार म्हणलं की एकच गोष्ट डोक्यात येते, पोरगी बघायला पाहुणे येणार. तशीच तयारी केली. पडदे धुतले. कुंड्या शेजाऱ्याकडून आणल्या. आमच्या बाईनं पोहे केले, मी फेटा बांधला. आणि ती फळी, जिला रोजच्या चाकांनी काळे पट्टे पडले होते, ती मी उचलून मागं पाण्याच्या टाकीच्या आडोशाला लपवली. पाहुण्यांसमोर दारात कळकट फळी कोण ठेवील.

गाडीतून एक बाई उतरल्या. चाळीस-पंचेचाळिशीच्या, सुती साडी, खांद्याला पिशवी, हातात स्वतःची पाण्याची बाटली. त्या स्वतः पण डॉक्टर हायत हे मंग कळलं. उंबरा ओलांडून आत आल्या. खाली दगडाकडं बघितलं. पोहे पुढं केले तर म्हणाल्या, आधी काम होऊ द्या. आमची बाई माझ्या कानाशी पुटपुटली, पोरगी बघायला आलेले निदान पाणी तरी घेतात.

मला वाटलं, भिंती बघतील, फरशी बघतील, झालं. पण त्यांची बघायची तऱ्हाच न्यारी. ऑक्सिजनच्या सिलिंडरवर हात ठेवून त्या पुढं गेल्या न्हाईत, सिस्टरला म्हणाल्या, चालू करून दाखवा. सुई कुठल्या डब्यात टाकता, दाखवा. रात्री लाईट गेली तर काय करता, दाखवा. सिस्टरनं जनरेटर चालू केला. मंग संडासात जाऊन आतून कडी लावली आणि बाहेर उभ्या वॉर्डबॉयला हाक मारली, मी आत चक्कर येऊन पडले असं धरा, आता दार उघडा. त्यानं बाहेरून खिट्टी फिरवून उघडलं. ती खिट्टी पुतणीनं माझ्याकडून हट्टानं बसवून घेतल्ती. मी तेव्हा म्हणलो होतो, संडासाला बाहेरून खिट्टी काय कामाची.

हे बघता बघता माझा ताठा जरा सैल होऊन राह्यला होता, तेवढ्यात त्यांनी पुतणीला रजिस्ट्रेशन नंबर विचारला. माझं डोकं सटकलं. आमच्या पोरीच्या माघारी 'कोट्यातली' म्हणणारे आणि तोंडावर मॅडम म्हणणारे मी लई बघितले. वाटलं, ही पण त्यातलीच. भिंतीवरच्या फ्रेमकडं हात करून म्हणलं,

"डिग्री समोर टांगलेली हाय. वाचता येत असंल तर वाचा."

पुतणीनं डोळे मिटून घेतले. बाई काही चिडल्या न्हाईत.

"वाचली, बाबा. पण फ्रेम बाजारात मिळते."

"जालन्याच्या मोठ्या सर्जनला असंच म्हणता का?"

"सकाळी त्यांच्याकडूनच आले. त्यांची तर अख्खी भिंत फ्रेमांची आहे. त्यांचाही नंबर टाकूनच बघितला. माझा टाकून बघायचा तर सांगते."

आणि त्यांनी खरंच आधी स्वतःचा नंबर मोबाईलमध्ये टाकून मला दाखवला. मंग पुतणीचा टाकला. सगळ्या राज्यातल्या डॉक्टरांचं एक सरकारी रजिस्टर हाय, ते त्यात उघडलं. त्यात आमच्या पोरीचं नाव होतं. तिच्या बापाचं नाव होतं. कुठल्या कॉलेजात शिकली, काय शिकली, किती सालापर्यंत डॉक्टरी करायची मुभा हाय, सगळं. माझा भाऊ गेल्याला इतकी वर्षं झाली, आणि त्याचं नाव त्या काचेवर लख्ख.

मी ते बोटानं वाचत होतो आणि मला माझी बहीण आठवली. माझ्याहून धाकटी. ताप आला म्हणून आईनं सायकलवाल्या डॉक्टरला बोलावलं होतं. सगळा मुलूख त्याला डॉक्टर म्हणायचा. हँडलला बॅग, डोक्याला टोपी. त्यानं दंडात सुई मारली, दंड सुजला, काळा पडला, आणि आठवड्यात बहीण गेली. तो माणूस आधी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता हे पुढं कळलं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं, तू कुठं शिकलास. कुणी विचारायचं? आई विचारणार होती? पुढं कितीतरी वर्षं तो त्याच सायकलवर हिंडत होता, आणि आम्ही त्याला रामराम घालत होतो.

आणि इथं ही बाई, जिचं आमच्याशी नातं न्हाई, गोतं न्हाई, उन्हातान्हात गाडीनं येऊन विचारून राह्यली होती. सगळ्यांना. मोठ्याला, लहानाला, स्वतःला पण. मी खुर्चीवर बसलो. असा प्रश्न विचारायला कुठंतरी माणूस नेमलेला असतो, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

सगळं बघून झाल्यावर बाई मोठ्या दाराशी आल्या.

"पेशंट स्ट्रेचरवर आला तर आत कसा घेता?"

वॉर्डबॉय फळी शोधायला लागला. इकडं बघतो, तिकडं बघतो. मी भिंतीकडं तोंड करून उभा. शेवटी सांगावं लागलं, टाकीच्या मागं हाय, मीच ठेवली. पुतणीनं माझ्याकडं एकदा बघितलं. तिचं ते बघणं मला सुईसारखं लागलं. बाई म्हणाल्या, फळी असली तरी चालायचं न्हाई, सुटी फळी घसरते, दारात उंबरा नको.

मी म्हणलं, बाई, चार बोटांचा दगड हाय, त्यानं काय आभाळ कोसळतंय. माणूस काय मडकं हाय का, फुटायला.

"बाबा, तुम्हीच स्ट्रेचरवर झोपता का?"

आता न्हाई म्हणणं माझ्यानं होणार नव्हतं. फेटा काढून आमच्या बाईकडं दिला आणि झोपलो. वॉर्डबॉयनं ढकलत बाहेर नेलं, वळवलं आणि फळी न लावता आत आणायला लागला.

चौकट मी सगळी जिंदगी उभ्यानं बघितली. झोपून कधीच न्हाई. वर माझीच तुळई होती, माझाच गिलावा, आणि खाली मी असा उताणा, हात बाजूला बांधल्यासारखे, कोण ढकलतंय ते दिसत न्हाई, पुढं काय येतंय ते दिसत न्हाई. दार मोठं होत होत अंगावर आलं. ज्याला आत जायचंय तो स्वतःच्या पायानं जात न्हाई, हे मला तेव्हा कळलं. मंग चाक दगडाला धडकलं. वॉर्डबॉयनं जोर लावला. दात दातावर आपटले, कमरेतून एक कळ डोक्यापर्यंत गेली. मागून कुणीतरी माझ्या डोक्याखाली तळहात घातला, म्हणून डोकं लोखंडावर आदळलं न्हाई. बघितलं तर वर उलटा दिसणारा पुतणीचा चेहरा. ती माझ्याकडं बघत नव्हती. चाकाकडं बघत होती, रोज बघत असावी तशी.

बाईंनी विचारलं, कसं वाटलं. मी म्हणलं, काई न्हाई. सिस्टर तोंडाला पदर लावून हसली. मंग बाईंनी पोहे खाल्ले, चांगले झालेत म्हणाल्या, लिहिलेला कागद पुतणीच्या हातात दिला आणि गेल्या.

सांजच्याला घरी पुतणीनं तो कागद मला वाचून दाखवला. मीच म्हणलं, मोठ्यानं वाच. डॉक्टरचं शिक्षण बराबर. सिस्टर बराबर. ऑक्सिजन, औषधं, संडास बराबर. मोठ्या दाराचा उंबरा काढून उतार करणे, फोटो पाठवणे, मंग पुन्हा पाहणी. बस, इतकंच. मी तिला परत वाचायला लावलं.

"आन् त्यांनी घेतलं न्हाई तर?"

"घेतलं न्हाई तर का न्हाई घेतलं ते लिहून द्यावं लागतं, मोठे बाबा. ते पटलं न्हाई तर मला वर दाद मागता येते."

आमच्या माणसांना 'न्हाई' ऐकायची सवय हाय. पाण्याला न्हाई, वाटेला न्हाई, कर्जाला न्हाई. का न्हाई, हे कुणी तोंडानं सांगितलं न्हाई, लिहून देणं तर लांबच. माझा बाप त्या सगळ्या उंबऱ्यांबाहेर उभा राह्यला, त्याला कुणी कारण लिहून दिलं असतं तर त्यानं ते कुणाकडून तरी वाचून घेतलं असतं आणि जपून ठेवलं असतं. आणि इथं करोडोंची कंपनी, तिला एका दहा खाटांच्या दवाखान्याला सांगावं लागतं की बाई, तुझ्यात एवढं एकच कमी हाय, तेवढं कर आणि ये. मला वाटलं, एवढी मोठी इमारत कुणीतरी बांधलेली हाय, नियमांची, आणि मला ती दिसलीच नव्हती. आज तिचा एक कोपरा दिसला. ओळंबा लावून बघितला तर सरळ होता.

पण दगड काढायला मन घेईना. पुतणी म्हणाली, उद्या दुसरा गवंडी बोलावते, तुम्ही नका येऊ. मी म्हणलं, मी जिता असेपर्यंत त्या दगडाला दुसऱ्याचा हात लागायचा न्हाई. ती उठून तिच्या खोलीत गेली. तिला वाटलं, म्हातारा अडून बसला.

आमची बाई भांडी आवरून राह्यली होती. वळून न बघता म्हणाली,

"दगड तुमचा आन् हाडं लोकांची. लई मोठा मान झाला."

तिला उत्तर देऊन कधी कुणाचं भलं झालेलं न्हाई. ती पुढं म्हणाली, तुमच्या आईला असं उताणं उचलून आणायची वेळ आली असती, तर तुम्ही तो दगड दातांनी उपटला असता.

पुढं त्या बाई पुन्हा आल्या, उतार बघितला, कंपनीचं होकाराचं पत्र आलं, पुतणी घनसावंगीतच राह्यली. ते सगळं झालं. पण मला लिहायचं होतं ते तपासणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं.

पुतणी उठायच्या आधी मी पहिल्या जीपनं निघालो. पहार, छन्नी, हातोडा, थापी घेऊन. ड्रायव्हर म्हणाला, आबा, या वयात कुणाचं काम धरलं. मी म्हणलं, माझंच. दवाखान्यापुढं उकिडवा बसलो आणि दगडाच्या कडेनं छन्नी चालवायला लागलो. तो निघायला तयार होईना. मीच बसवला होता, कसा निघंल. वॉर्डबॉय मदतीला आला, त्याला मी हात लावू दिला न्हाई. ऊन डोक्यावर यायला लागलं तेव्हा दगड हलला. त्याला सरकवून बाजूला केला, खड्डा भरला, वाटीभर पाणी ओतून ते कसं ओघळतं ते बघत बघत उतार काढला, आणि वरून गिलाव्याचा लाकडी रंधा फिरवला.

सिमेंट ओलं होतं. कुणाचा पाय पडू नये म्हणून मी दारात खुर्ची टाकून बसलो आणि येईल त्याला बाजूच्या दारानं जायला सांगत राह्यलो. पुतणी आली, उताराकडं बघून थांबली, माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, उभी काय राह्यलीस माय, बाजूनं जा, ओलं हाय.